सोपारा आणि नालासोपारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नालासोपाऱ्याला राहतो म्हटलं की समोरचा आधी लोकलच्या गर्दीबद्दल विचारतो, मग पावसाळ्यात पाणी किती भरतं ते. सोपाऱ्याच्या जुन्या बौद्ध स्तूपाबद्दल विचारणारा क्वचित भेटतो. पण एकदा विषय निघाला की एकामागून एक प्रश्न येतात, आणि बहुतेक तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

नालासोपारा नेमकं कुठे येतं?

पश्चिम रेल्वेवर, वसई रोड आणि विरार यांच्या मधलं स्टेशन. चर्चगेटपासून सुमारे ५६ किलोमीटर. तालुका वसई. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. २००९ मध्ये नालासोपारा, विरार, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली.

हे एकाच गावाचं नाव आहे का?

नाही, दोन गावांचं आहे. नाळे आणि सोपारा ही दोन्ही गावं रुळांच्या पश्चिमेला आहेत, अजूनही आहेत. त्यांची नावं जोडून स्टेशनचं नाव झालं आणि स्टेशनवरून शहराचं. पूर्वेला तुळींज, आचोळे ही गावं, त्यापलीकडे पेल्हारपर्यंत पसरलेली वस्ती, सगळं आता नालासोपाराच म्हणवतं. सोपाऱ्याला मूळचा माणूस मात्र आजही नुसतं ‘सोपारा’ म्हणतो.

सोपारा किती जुना आहे?

लेखी पुरावा मोजायचा तर सव्वादोन हजार वर्षांहून जुना. आज मुंबई म्हणतो ती सात बेटं कोणाच्या खिजगणतीत नव्हती तेव्हा हे बंदर गजबजलेलं होतं. अपरांत म्हणजे आपलं उत्तर कोकण, त्याचं हे मुख्य नगर.

संस्कृतात नाव शूर्पारक. महाभारताच्या वनपर्वात पांडव तीर्थयात्रा करत शूर्पारकाला येतात, आणि शांतिपर्वात समुद्राने परशुरामासाठी जी भूमी मोकळी केली तिचं नाव शूर्पारक असं सांगितलं आहे. श्रीलंकेच्या महावंसात राजपुत्र विजयाचं जहाज लंकेला पोचण्याआधी सुप्पारकाला लागतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासमार्गदर्शिकेत भडोचच्या दक्षिणेच्या बंदरांमध्ये ‘सुप्पारा’ येतं, कल्याणच्या बरोबरीने.

पण मला या सगळ्यांपेक्षा दगडावरचे उल्लेख जास्त जवळचे वाटतात, कारण ते इथल्या माणसांचे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूने दान दिल्याचं कोरलं आहे. कान्हेरीलाही सोपाऱ्याचे दाते भेटतात. नाशिकच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपली दानं मोजून सांगतो: भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली. पुढे शोर्पारगासह काही ठिकाणच्या चरकांच्या (भटक्या संन्याशांच्या) संघांना त्याने बत्तीस हजार नारळाची झाडं दिल्याचं म्हटलं आहे. इथल्या एखाद्या जुन्या वाडीत माडांखाली उभं राहून हा आकडा आठवून बघा.

सम्राट अशोकाचा शिलालेख इथे खरंच सापडला?

हो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात भातेला तळ्याजवळ बेसाल्टचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं होती. वाचल्यावर लक्षात आलं की हा अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा भाग आहे. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हे चौदा लेख एका संचात कोरले जात. दोन तुकडे मिळाले याचा सरळ अर्थ असा की एके काळी इथे पूर्ण संच उभा होता. महाराष्ट्रात हा मान आणखी कुठल्या गावाला नाही.

आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी दौरे काढत. मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेलो, तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमणांना आणि ब्राह्मणांना भेटणं, दान देणं, वृद्धांची विचारपूस, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलणं. नवव्या लेखात तो म्हणतो की आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगल विधी करतात, पण त्यांचं फळ थोडं. दास आणि नोकरांशी नीट वागणं, थोरांचा आदर, प्राण्यांबाबत संयम हे खरं मंगल. बंदरावर उतरणाऱ्या व्यापाऱ्याने, हमालाने, खलाशाने हे वाचावं किंवा कोणी वाचून दाखवलेलं ऐकावं म्हणून तो दगड इथे होता.

आठव्या लेखाचा तुकडा आज मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अवश्य जा. दिसायला साधा काळा दगड आहे, लोक समोरून निघून जातात.

बुरुड राजाचा कोट म्हणजे काय?

सोपाऱ्याच्या स्तूपाचं हे गावातलं नाव. झाडीत दडलेली एक मोठी टेकाडासारखी ढिगारी होती, लोक तिला बुरुड राजाचा किल्ला समजत. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणतो तो बुरुड. मला वाटतं शूर्पारक हे नाव विसरलं गेलं तरी त्याचा अर्थ लोकांच्या जिभेवर या राजाच्या रूपाने टिकून राहिला.

१८८२ च्या एप्रिलमध्ये भगवानलाल इंद्रजींनी, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांच्या सोबतीने, ही ढिगारी मधोमध उघडली. विटांच्या बांधकामात खोलवर एक गोल दगडी पेटी लागली. झाकण काढल्यावर आत मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याभोवती धातूच्या आठ बुद्धमूर्ती गोलाकार बसवलेल्या. सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय, जो अजून यायचा आहे. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोबत सोन्याची नाजूक फुलं. आणि त्या सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याच्या तेरा लहान खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या तिथे जपल्या होत्या.

या पेटीत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं, तर मूर्ती त्याच्या कित्येक शतकं नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या जातात. म्हणजे मध्ये कधीतरी कोणीतरी हा स्तूप श्रद्धेने उघडला, मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. हे सगळं आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागढचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. सोपाऱ्याला जगाच्या नकाशावर परत आणणारा माणूस हा, आणि १८८८ मध्ये पन्नाशी गाठायच्या आतच तो गेला.

बुद्ध स्वतः सोपाऱ्याला आले होते का?

बौद्ध कथांमध्ये तसं येतं. पूर्ण नावाचा शूर्पारकाचा व्यापारी, दासीपुत्र, समुद्रसफरींवर श्रीमंत झालेला. एका सफरीत सोबतचे व्यापारी पहाटे बुद्धवचनं म्हणताना त्याने ऐकले आणि तो श्रावस्तीला जाऊन भिक्षू झाला. त्याच्या प्रेरणेने शूर्पारकात चंदनाच्या लाकडाचा विहार उभा राहिला आणि बुद्ध तिथे आले, अशी ती कथा. इतिहास म्हणून तिच्याकडे बघू नका. पण समुद्रावरून परतलेला व्यापारी, लाकडाने भरलेलं जहाज आणि विहाराला दिलेलं दान ही बंदराची खरी चाल तिच्यात आहे. अशोकाच्या काळात धम्मरक्खित नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, भिक्षू अपरांतात धम्मप्रसारासाठी आला, हे महावंसात आहे.

बायबलमधलं सोन्याचं ओफीर म्हणजे सोपाराच, खरं का?

नावं जुळतात म्हणून केलेला तर्क आहे. पुरावा नाही. ओफीरसाठी अरबस्तान आणि आफ्रिकेतली ठिकाणंही सुचवली गेली आहेत. सोपाऱ्याचं जे सिद्ध झालेलं आहे तेच इतकं मोठं आहे की त्याला बायबलमधल्या सोलोमन राजाच्या सोन्याची गरज नाही.

एवढं मोठं बंदर गेलं कुठे?

गाळात. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आजच्या पुराचं उत्तरही त्यातच आहे.

जुन्या काळी वसई हे जवळपास बेटच होतं. दक्षिणेला उल्हास नदीचं मुख म्हणजे वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेकडून या दोन खाड्यांना जोडणारा सोपाऱ्याचा फाटा. जहाजं वादळवाऱ्यापासून लांब, आतल्या शांत पाण्यात उभी राहू शकत. घाटमाथ्यावरून उतरणारा माल कल्याणच्या बाजूने पाण्यावाटे इथवर येई.

पण नद्या गाळ आणतात आणि अरुंद फाटा तो समुद्रात ढकलू शकत नाही. पाणी उथळ होत गेलं. तरी बंदर एकदम मेलं नाही. अरब भूगोलकारांनी ‘सुबारा’ नोंदवलं आहे. शिलाहार राजा अनंतदेवाच्या १०९४ सालच्या ताम्रपटात प्रधानाच्या जहाजांना ज्या बंदरांवर जकात माफ केली त्यांत ठाणे, नागपूर (हे कोकणातलं, विदर्भातलं नव्हे), शूर्पारक आणि चौल आहेत. बाराव्या शतकात शिलाहार अपरादित्याने काश्मिरातल्या पंडितांच्या सभेला आपला दूत तेजकंठ पाठवला, तो शूर्पारकाचा म्हणून ओळखला जातो. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांचे देह आणून पुरले ते सोपाऱ्याच्या चर्चमध्ये. पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट, त्यामुळे वसईत ख्रिस्ती धर्म फक्त पोर्तुगिजांनी आणला असं कोणी म्हटलं तर हा दाखला द्यावा.

त्यानंतर महत्त्व समुद्राच्या तोंडावर असलेल्या वसई, आगाशीकडे गेलं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. या दोन्ही घटनांत सोपारा बाजूला पडलेलं गाव होतं. फाट्याच्या जागी खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी सखल जमीन, आणि मिठागरं उरली.

रेल्वे कधी आली?

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचला. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेपर्यंत रोजची पहिली गाडी सुरू झाली: सकाळी मुंबईला जाणार, संध्याकाळी परत येणार. तिच्या थांब्यांच्या यादीत विरारनंतरचं पहिलं नाव आहे ‘नीला’. ते आमचं नाळे. विजेची गाडी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं हा क्रम दीडशे वर्षांत बदलला नाही, माणसं वाढली.

शहर होण्याआधी लोक काय करत?

वाडी. हा शब्द इथे फक्त जागेला लागत नाही, तो सगळ्या जगण्याला लागतो. केळी, नागवेलीची पानं, नारळ, भाजी, फुलं. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की होते सुकेळी, आणि केळीच्या सोपटात बांधलेली खरी सुकेळी खाल्लेल्या माणसाला तिची चव सांगावी लागत नाही. विहिरीवर रहाट, बैल फिरताहेत, पोहरे भरून वर येताहेत. आणि बावखल. हा खास वसईचा शब्द: वाडीतलं गोडं पाणी साठवणारं मोठं डबकं, विहीर आणि तळं यांच्या मधलं काहीतरी. पावसाचं पाणी बावखलात उतरायचं, तिथून जमिनीत मुरायचं, आणि त्या गोड्या पाण्याच्या दाबाने समुद्राचं खारं पाणी लांब राहायचं. बावखल बुजवून इमारत उभी केली की एका इमारतीची जागा मिळते आणि आजूबाजूच्या दहा विहिरी मचूळ होतात.

इथे कोणती भाषा बोलतात?

पूर्वेच्या चाळींत तुम्हाला मराठी, हिंदी, भोजपुरी, गुजराती सगळं ऐकू येईल. पश्चिमेच्या गावांत थांबून ऐका. वाडवळांची वाडवळी आहे. निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण दोघेही कादोडी बोलतात. धर्म वेगळे, घरातली बोली एक. सोपाऱ्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. आगरी, कोळी, आदिवासी पाडे आहेत. कादोडी बोलणारी मुलं घरी ती बोलायला लाजत होती, आता तिच्यात लिहिणारे लोक आहेत याचा मला मनापासून आनंद आहे.

गाव एवढं कसं वाढलं?

मुंबईत घर परवडेनासं झालं. गिरण्या बंद पडल्या, चाळी मोडल्या, कुटुंबं वाढली, आणि लोकल जाते तिथवर लोक आले. १९९० मध्ये वसई-विरार पट्ट्यासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं, पण बांधकाम नियोजनाच्या पुढे धावत होतं. २००१ च्या जनगणनेत एकट्या नालासोपारा नगरपरिषदेची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या वर गेली होती. २०११ मध्ये सगळ्या महानगरपालिकेची बारा लाखांच्या वर.

या वाढीला विरोध झाला तो पाण्यावरून. विहिरी-बोअरिंगमधून टँकर भरून नव्या इमारतींना पाणी जायचं आणि वाड्यांच्या विहिरी खारट व्हायच्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीने हे आंदोलन उभं केलं, त्याचं नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलं. तेच पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. महानगरपालिका झाल्यावरही अनेक गावांनी तिच्यात जायला नकार दिला, २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात राहिलं.

नळाला आता येतं ते पाणी बरंचसं सूर्या प्रकल्पाचं. ते ज्या शेतीसाठी अडवलं होतं तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी ते शहराकडे वळवायला विरोध केला होता. नळ उघडताना हे माहीत असलेलं बरं.

दर पावसाळ्यात पाणी का भरतं?

कारण आपण जुन्या खाडीवर राहतो. वर सांगितलेला सोपाऱ्याचा फाटा बुजला, पण ती जमीन सखलच राहिली. मिठागरं आणि खाजणं भरतीच्या वेळी पाणी पोटात घेत आणि ओहोटीला सोडून देत. त्यांवर भराव पडला, नाले अरुंद झाले. मध्ये रेल्वेचा बांध आडवा. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाण्याला जायला वाट नसते, मग ते रुळांवर आणि तळमजल्यांत येतं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले आणि विरारपर्यंतची वाहतूक थांबली. त्यानंतर रूळ उचलणं, खालच्या मोऱ्या वाढवणं ही कामं झाली. फरक पडतो. पण मोरीतून गेलेलं पाणी पुढे साठायला मोकळी जमीन हवी, आणि ती राखणं रेल्वेच्या हातात नाही. इथे घर घेणाऱ्याला मी एवढंच सांगतो: पावसाळ्यात येऊन बघा, आणि शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की इमारतीच्या जागी आधी काय होतं.

स्तूप बघायला कसं यायचं?

नालासोपारा पश्चिमेला उतरा, रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ सांगा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. सांचीसारखं काही भव्य डोळ्यांसमोर धरून येऊ नका. विटांचा गोल चौथरा, झाडं आणि शांतता आहे. बुद्धपौर्णिमेला मोठी गर्दी होते, गर्दीत आनंदही मोठा असतो. विटांवर चढू नका.

तसंच पुढे चक्रेश्वर तळ्याकाठच्या महादेवाच्या देवळात जा. तिथली ब्रह्मदेवाची मूर्ती बघा, अशा मूर्ती कोकणात फार थोड्या आहेत. कार्तिकात आलात तर निर्मळची जत्रा कार्तिक वद्य एकादशीला सुरू होते.

घराचा पाया खोदताना जुना दगड, मूर्ती किंवा नाणी सापडली तर काय करायचं?

काम थांबवा. वस्तू उचलू नका, धुऊ नका, ब्रशने घासू नका. अक्षरं असली तर तीच आधी जातात. आहे त्या जागी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा पट्टी ठेवून. किती खोलीवर, कोणत्या बाजूला सापडलं ते लिहून ठेवा. मग तहसीलदार कार्यालयात लेखी कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला मौल्यवान ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, आणि कळवल्याने तुमची जमीन जात नाही. शेंदूर लावून झाडाखाली मांडलेला दगड असेल तर त्याला हात न लावता त्याचाही फोटो घ्या. अशोकाच्या चौदापैकी दोनच लेखांचे तुकडे आजवर हाती आले आहेत. दुसरा मिळाला तो पहिल्यानंतर ७४ वर्षांनी.